पाचवं कारण



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 13 ते 16, आणि त्यासोबत श्लोक 25.

आधी साध्या भाषेत अर्थ. कुठलंही काम घडतं तेव्हा त्याच्या मागे पाच कारणं असतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. पहिलं अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधाराने काम घडतं ते. दुसरा करणारा. तिसरी साधनं. चौथी करणाऱ्याची नाना प्रकारची धडपड. आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने, मनाने जे काही करतो, ते योग्य असो की अयोग्य, त्याला ही पाच कारणं असतात. आणि तरीही जो 'हे मी एकट्यानेच केलं' असं मानतो, त्याला नीट दिसत नाही, असं पुढे म्हटलंय.

हे श्लोक मी कितीतरी वेळा वाचले होते. 'दैव' शब्दापाशी आलो की मी थोडा अडखळायचो. इंजिनिअरिंग शिकलेल्या डोक्याला हा शब्द पळवाटीसारखा वाटतो. चार कारणांत जे बसलं नाही ते पाचव्यात टाकलं आणि मोकळं झालं, असं काहीतरी. हा शब्द मला समजला तो पुस्तकात नाही, तर पनवेलच्या पुढे एका भाताच्या खाचरात, हातात रिमोट घेऊन उभा असताना. आज तेच सांगतो.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे की मला आरसी विमानांचा छंद आहे. म्हणजे रिमोटवर उडणारी छोटी विमानं. फोमची किंवा बाल्सा लाकडाची, साधारण एक-सव्वा मीटर पंखांची, किलोभर वजनाची. आमचा पाच-सहा जणांचा छोटा ग्रुप आहे. पूर्वी घराजवळचं एखादं रिकामं मैदान चालून जायचं. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, त्यामुळे आजूबाजूचं आकाश आपलं राहिलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार उडवण्याआधी नकाशात लाल, पिवळा, हिरवा पट्टा बघायचा, मगच जागा ठरवायची. म्हणून आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागतो. रविवारी पहाटे साडेचारला उठायचं, सामान गाडीत भरायचं आणि उजाडायच्या आत शेतात पोहोचायचं.

एवढ्या पहाटे का? वाऱ्यामुळे. आपल्या कोकणपट्टीत सकाळी हवा शांत असते. सूर्य वर आला की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्राकडून वारा आत येतो. दुपारी पाम बीच रोडला केस विस्कटतात ते यामुळेच. आमच्यासारख्यांना उजाडल्यापासूनचे दोन-अडीच तास मिळतात. आणि कधी कधी तेही मिळत नाहीत.

मागच्या वर्षीची गोष्ट. असाच रविवार होता, पण पहाटेपासूनच वारा. आमच्यात एक काका आहेत, वयाने सगळ्यांत मोठे आणि हाताने सगळ्यांत सफाईदार. ते आल्या आल्या एक बांबू जमिनीत रोवतात आणि त्याला लाल रिबन बांधतात. त्या दिवशी रिबन आडवी होऊन फडफडत होती आणि धसकटांमधून धूळ उठत होती. 1805 साली ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने वाऱ्याची एक मोजपट्टी बनवली होती, पुढे तिच्यात जमिनीवरच्या खुणांचीही भर पडली. पानं आणि बारीक काटक्या सतत हलत असतील तर वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या की 20 ते 28. आमच्या फोमच्या विमानांना पहिल्या पायरीवरच धाप लागते. काका म्हणाले, "आज चहा पिऊ आणि घरी जाऊ."

मी म्हणालो, "काका, एकच फ्लाइट. आठवडाभर वाट बघितलीय."

"बघ बाबा," एवढंच ते म्हणाले.

आता माझ्या मनात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण आजच्या लेखाचं कारण तेच आहे. मी मनात म्हणत होतो: आपला अधिकार कर्मावर, फळाची चिंता कशाला? विमान पडलं तर पडलं. नुकसान माझंच होईल. मी आसक्ती सोडलीय. अक्षरशः असं. गीता वाचणाऱ्या माणसाच्या हट्टालाही गीतेचीच भाषा येते, मंडळी. हे लक्षात ठेवा.

विमान सोडलं. वाऱ्याच्या दिशेने ते मजेत गेलं. इथे थोडं गणित बघा. विमान हवेत ताशी 40 ने उडतंय आणि वारा 20 चा आहे. वाऱ्यासोबत जाताना जमिनीच्या हिशोबाने ते 60 ने जातं. परत येताना फक्त 20 ने. म्हणजे वीस सेकंदांत जेवढं लांब गेलं, तेवढंच यायला पूर्ण मिनिट लागतं. वाऱ्यासोबत वाहवत जाणं सोपं असतं, परतीची किंमत वळल्यावर कळते. मी वळवलं तेव्हा ते ठिपक्याएवढं झालं होतं. माथेरान-प्रबळच्या डोंगरांवरून उतरणारी हवा सरळ येत नाही, लाटेसारखी लोळत येते. अशाच एका झोताने डावा पंख उचलला, विमान पालथं झालं, आणि नाक खाली करून बांधावरच्या पायवाटेकडे सुटलं. पायवाटेवर डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली एक बाई चालली होती आणि तिच्या मागे सहा-सात वर्षांची पोर.

त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर पडलं. कुणाला काही झालं नाही. पोर आधी दचकली, मग विमानाचे तुकडे बघून हसली. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पोरीचा हात धरून पुढे गेल्या. ती नजर मला अजून आठवते. किलोभर वजन, पुढे फिरणारा पंखा, आणि वेग ताशी पन्नासच्या वर.

मी थरथरत काकांना म्हणालो, "देवाने वाचवलं."

काका म्हणाले, "वाचवलं देवाने खरं. पण उडवलं कोणी?"

त्या रात्री मी अठरावा अध्याय पुन्हा उघडला. पाच कारणं मोजली. अधिष्ठान: बहुतेक भाष्यकार इथे शरीर असा अर्थ घेतात. ते ठणठणीत होतं. करणारा: मी, उत्साहाने भरलेला. साधनं: विमान, रिमोट, बॅटरी, सगळं तपासलेलं. धडपड: भरपूर. चार कारणं शंभर टक्के तयार होती आणि मी पाचव्याला गृहीत धरलं होतं. जणू वारा माझ्या आठवड्याच्या वेळापत्रकावर चालतो. 'दैव' हा शब्द पळवाट आहे असं मी समजत होतो, पण तो नेमका उलट निघाला. तो सांगतो की तुझ्या कामात एक भागीदार असा आहे जो तुझं ऐकत नाही. त्याला न विचारता केलेला हिशोब अपुरा असतो. पळवाट मी काढली होती, आधी वाऱ्याला न मोजून आणि नंतर 'देवाने वाचवलं' म्हणून.

आणि मग श्लोक 25 वाचला, तेव्हा कानशिलं गरम झाली. तामस कर्म कोणतं? जे मोहाने सुरू केलं जातं आणि सुरू करताना चार गोष्टींचा विचार केलेला नसतो: पुढे काय होईल, काय नुकसान होईल, कुणाला इजा होईल का, आणि हे पेलायची माझी कुवत आहे का. मला वाटत होतं, फळाची आशा सोडली की कर्म आपोआप सात्त्विक होतं. इथे तर भगवंत म्हणतात, परिणामाचा विचार न करता केलेलं कर्म तामस!

मग फळ सोडायचं की परिणाम बघायचा? ही खरी गाठ आहे. बरेच तरुण साधक मला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. मला सापडलेलं उत्तर असं. फळ म्हणजे त्या कामातून मला जे मिळणार ते: मजा, कौतुक, आठवडाभर वाट बघितल्याचं समाधान. परिणाम म्हणजे त्या कामातून दुसऱ्यांवर जे येऊन पडणार ते. फळ सोडायचं असतं, परिणाम सोडायचा नसतो. मी बरोबर उलटं केलं होतं. मजा घट्ट धरून ठेवली होती आणि पायवाट सोडून दिली होती. नुकसान झालं तर माझंच होईल, असं मी स्वतःला सांगितलं, पण पायवाट काही माझी नव्हती.

मग वाऱ्यात उडणं नेहमी चूकच का? तसंही नाही. राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 ला पहिलं उड्डाण केलं तेव्हा ताशी 30 किलोमीटरहून जास्त वारा होता. थंडी वाढत होती, दिवस संपत आले होते. त्यांनी उडायचं ठरवलं. 12 सेकंद, 120 फूट, आणि जगाचा इतिहास बदलला. पण जरा श्लोक 25 चे चार प्रश्न लावून बघा. खाली सपाट वाळू, सभोवती वस्ती नाही, बघायला पाच माणसं. उंची जमिनीपासून जेमतेम काही फूट. विमानात स्वतःचा जीव, दुसऱ्याचा नाही. आणि कुवत? आदल्या वर्षी त्याच वाळूवर त्यांनी ग्लायडरची शेकडो उड्डाणं केली होती. मोहाने घेतलेला निर्णय तो नव्हे. तरीही पाचव्या कारणाने आपली सही केलीच. त्या दिवसाच्या चौथ्या उड्डाणानंतर विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याच्या झोताने ते उलथवून टाकलं. धरायला धावलेला एक माणूस त्यात अडकून फरफटला, पण थोडक्यात बचावला. ते विमान पुन्हा कधीच उडलं नाही.

म्हणजे वारा बघून थांबणं हा नियम नाही आणि वाऱ्याला न जुमानणं हे शौर्य नाही. वारा वाचणं हे आपलं कर्म आहे, वारा असणं आपल्या हातात नाही. रिबन बांधणं ही चौथ्या कारणातली गोष्ट, रिबन कुठे फडफडते ही पाचव्यातली. 'दैव आहे' म्हणून रिबनच न बांधणं हा आळस. रिबन बघूनही न बघितल्यासारखं करणं हा मोह. मोठ्या विमानांचे पायलटही उतरताना वारा बिघडला तर विमान पुन्हा वर घेतात, गो-अराउंड करतात. त्या वेळी ते काही कमी काम करत नाहीत. न उतरणं हेच त्या क्षणीचं पूर्ण काम असतं. चौथ्या अध्यायात भगवंत जे अकर्मात कर्म बघायला सांगतात, त्याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

एवढं सगळं समजलं म्हणून परीक्षा संपत नाही. ती या जानेवारीत आली, संक्रांतीनंतरच्या रविवारी.

माझा भाचा नाशिकहून आला होता. अकरा वर्षांचा. दिवाळीत त्याला बाल्साचं एक किट दिलं होतं. दोन महिने खपून त्याने ते जोडलं. फासळ्या चिकटवल्या, वरून फिल्म ताणून इस्त्रीने बसवली, स्वतःच्या हाताने सर्व्हो लावले. पहिलं उड्डाण मामासोबत करायचं म्हणून विमान खोक्यात घालून, मांडीवर घेऊन आला. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. सोमवारी शाळा.

सकाळी शेतात पोहोचलो तर उत्तरेकडून गार वारा सुटलेला. काकांनी भाच्याच्याच हातात रिबन दिली. त्याने बांबूला बांधली. ती आडवी झाली. आम्ही थांबलो. सात वाजले, साडेसात, आठ. वारा वाढतच गेला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे 'थोडाच वाढलाय' असं वाऱ्याच्या बाबतीत म्हणता येत नाही.

"मामा, एकदाच," तो म्हणाला. माझंच वाक्य, वर्षभराने माझ्याकडे परत आलं होतं.

मी नाही म्हणालो.

तो रडला. मोठ्याने नाही, खोक्याकडे तोंड करून. मग म्हणाला, "मग एवढं बनवलं कशाला?"

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच कारणं, सात्त्विक-तामस, सगळं तोंडपाठ होतं, पण अकरा वर्षांच्या पोराला शेतात उभं राहून ते सांगणं म्हणजे उपासमारीत असलेल्याला पाककृती वाचून दाखवण्यासारखं झालं असतं. मी त्याच्या शेजारी बांधावर बसलो. एवढंच केलं.

तेवढ्यात पलीकडच्या खाचरात पाड्यावरची चार-पाच मुलं आली, हातात संक्रांतीचे उरलेले पतंग. त्यांची सकाळ तर सोन्याची होती! एका ढिलात पतंग आभाळात. ती ओरडत होती, नाचत होती. भाचा बघत राहिला. मी मनात आदल्या रात्रीपासून प्रार्थना करत होतो की देवा, सकाळी वारा पडू दे. त्या मुलांपैकी कुणीतरी नक्की म्हटलं असेल की देवा, वारा सुटू दे. देवाने कुणाचं ऐकायचं?

पसायदानात माऊली ज्याला जे हवं ते त्याला मिळो असं मागतात. मला आधी वाटायचं, हे कसं शक्य आहे? एकाला वारा हवा, एकाला नको. पण पसायदानातल्या मागण्यांचा क्रम बघा. सगळ्यांची इच्छा पुरी होवो ही मागणी पहिली नाही. त्याआधी दुष्टांचा वाकडेपणा जावो, सत्कर्माची गोडी वाढो आणि जीवांची एकमेकांशी मैत्री होवो हे मागितलंय. मैत्री आधी, इच्छापूर्ती नंतर. दुसऱ्याचा पतंग वर गेलेला बघून थोडं तरी बरं वाटायला लागलं, की मग माझी इच्छा आणि त्याची इच्छा एकमेकांच्या वाटेत तेवढी आडवी येत नाहीत. त्या सकाळी मला ते पूर्ण जमलं असं मी म्हणणार नाही. मला त्या पतंगांचा थोडा रागच आला होता.

घरी आल्यावर एक काम उरलं होतं. आमच्या विमानांना लिपो बॅटरी असते. पूर्ण चार्ज केली की प्रत्येक सेल 4.2 व्होल्टला जातो. उडवलं तर ती शक्ती वापरली जाते. नाही उडवलं तर तशीच भरलेली ठेवायची नसते. चार्जरवर लावून 3.8 च्या आसपास उतरवावी लागते. नाहीतर ती आतून खराब होत जाते, फुगते, आणि फुगलेली बॅटरी कधी पेट घेईल सांगता येत नाही. भाचा शेजारी बसून आकडे उतरताना बघत होता.

"पूर्ण रिकामी का नाही करायची?" त्याने विचारलं.

"रिकामी केली की मरते," मी म्हणालो. "भरलेली ठेवली की फुगते. पुढच्या वेळेसाठी मधे ठेवायची."

बोलून गेलो आणि माझ्याच लक्षात आलं की शेतात त्याने जे विचारलं होतं, त्याचं थोडंसं उत्तर इथे आहे. तयारी पूर्ण झाली, दैवाने दार उघडलं नाही, तर आत भरलेल्या त्या शक्तीचं काय करायचं? तशीच ठेवली तर तिचा राग होतो: वाऱ्यावर, देवावर, पतंगवाल्या पोरांवर. सगळी काढून टाकली तर 'पुन्हा कधी बनवणारच नाही' असं होतं. आपल्यातले किती जण असे बसलेत! परीक्षा दिली, निकाल लागला नाही. व्हिसाची तयारी झाली, आला नाही. लग्न ठरत आलं, मोडलं. काही जण वर्षानुवर्षं 4.2 वर आहेत, आतून फुगलेले. काही जण शून्यावर गेलेत आणि त्याला वैराग्य म्हणतात. समत्व या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. हळूहळू, लक्ष देऊन, उतरवून ठेवणं. विझवणं नव्हे.

भाचा संध्याकाळी गेला. विमान माझ्याकडे ठेवून गेला, कपाटावर. जाताना हसला नाही, पण बॅटरीवर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि 3.8 लिहून गेला. ते विमान अजून उडलेलं नाही. आता त्याच्या परीक्षा, मग त्याची सुट्टी, आणि सुट्टीत वारा कसा असेल कोण जाणे. 'एवढं बनवलं कशाला' याचं पूर्ण उत्तर मी त्याला अजून दिलेलं नाही. पायवाटेवरची ती पोर मात्र आता आठ वर्षांची होत आली असेल, हे मला त्या कपाटाकडे बघितलं की आठवतं.

आजचा अभ्यास: आज जे काम तुम्ही मनावर घेतलंय त्याची पाच कारणं एका कागदावर लिहा. पाचव्यासमोर प्रामाणिकपणे लिहा की कोणती गोष्ट माझं ऐकणार नाही. मग श्लोक 25 चे चार प्रश्न विचारा, विशेषतः तिसरा: पायवाटेवर कोण आहे? आणि उत्तर 'आज नको' असं आलं, तर रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं नाम घेत बसा आणि आतला आकडा हळूहळू उतरू द्या.

उद्या श्लोक 26, सात्त्विक कर्त्याची लक्षणं. भेटू.

राम कृष्ण हरी.